तीन नंबरची पेटी

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कॅमेऱ्यांच्या कामात आलो. त्यापूर्वी अनेक वर्षे तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवत होतो. विद्यार्थी उरले नाहीत, तेव्हा तासही संपले. नळदुर्गच्या एका तरुणाचा कुस्त्या, कीर्तने आणि लग्ने यूट्यूबवर थेट दाखवण्याचा व्यवसाय होता. त्याने नवे डिजिटल बेल्टपॅक आणले होते आणि ते सांभाळणारे कोणीतरी त्याला हवे होते.

बेल्टपॅक म्हणजे प्रत्येक कॅमेरामनच्या कमरेला लावायची मुठीएवढी पेटी आणि तिला जोडलेला हेडफोन. कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवायचे ते निवडणाऱ्या मिक्सरवर तो तरुण, म्हणजे आमचा मालक, बसतो; तो बोलला की सर्वांना ऐकू जाते आणि बटण दाबून त्याला उत्तर देता येते. पेट्या एका नेटवर्कवर असल्यामुळे प्रत्येकीची बॅटरी किती उरली, आवाज किती ठेवला आहे, हे माझ्या लॅपटॉपवर दिसे. माणसांपुढे माझी जीभ अडखळते. आकड्यांपुढे बोलावे लागत नाही, म्हणून हे काम मला मानवले.

तीन नंबरची पेटी चाचांची. साठीचे गृहस्थ, मालक कॅमेरा धरायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली. चाचा बटण कधी दाबत नसत. होकार द्यायचा तर कॅमेराच किंचित खालीवर करायचा, नकार असेल तर आडवा हलवायचा, ही जुन्या कॅमेरामनांची रीत त्यांनी सोडली नव्हती. "बघा, चाचांनी मान हलवली," म्हणून मालक पडद्याकडे पाहून हसायचा.

त्या पेटीचा आवाज मात्र कायम शेवटच्या टोकाला असे. वर्षानुवर्षे वरातींत डीजेच्या भिंतीपुढे उभे राहिलेल्या माणसाचे कान किती उरले असतील, हे मला पहिल्याच आठवड्यात समजले होते. अनुभवाने आणि अंदाजाने ते निभावून नेत होते. मी कोणाजवळ काही बोललो नाही, आणि त्याला मी सभ्यता समजत होतो.

मग एका गावच्या यात्रेतल्या कुस्त्या आल्या. शेवटची जोड लागली, हलगी कडाडत होती. "चाचा, लांब घ्या, दोघंबी दिसू द्या," मालक म्हणाला. कॅमेरा खालीवर हलला. त्या होकारावर विसंबून मालकाने तीन नंबरचे चित्र लावले, तर पडद्यावर एकाच पैलवानाची मातीने माखलेली पाठ. दुसरा त्याच क्षणी चीतपट झाला. मैदानाने पाहिले, फोनवर पाहणाऱ्या कोणालाच ते दिसले नाही.

यात्रा कमिटीची माणसे मिक्सरपाशी येऊन उभी राहिली. "निकालच दिसंना, मग लाइव्ह लावलं कशाला? पाठ बघायला?"

मालक माझ्याकडे वळला. "सर, तीन नंबरची पेटी गेली का हो?"

चाचाही तोवर आले होते. "सकाळधरनं खरखर करायलीय," ते म्हणाले. "नवी हाय, मिजास लई तिची."

त्या वेळी मी "असेल" एवढे म्हणालो असतो तर पुरले असते. परंतु पेट्यांची ती जुळणी माझी होती आणि तिच्यावर आळ आला होता. "पेटीत दोष असण्याची शक्यता कमी आहे," मी म्हणालो. "आपण तपासून पाहू." एक नंबरची चांगली पेटी मी स्वतःच्या हातांनी चाचांच्या कमरेला बांधली. त्यांनी दोन्ही हात वर केले. "सर, माप घ्यायलात का? शेरवानी शिवा मग." बाकीच्या कॅमेऱ्यांवरची पोरे हसली. प्रयोगात बाकी सारे समान असावे, म्हणून लॅपटॉपवर मी त्या पेटीचा आवाज इतरांइतकाच, मध्यावर ठेवला. चाचा कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले.

मालकाने हेडफोनवरून विचारले, "चाचा, किती वाजले?"

कॅमेरा खालीवर हलला.

"वाजले म्हणत्यात!" कोणीतरी ओरडले आणि सगळे खदखदले.

"चाचा, घरला कोण कोण हाय?"

कॅमेरा पुन्हा खालीवर हलला. या वेळी कोणी हसले नाही. मालकाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

आमचे चेहरे पाहून चाचांना कळले. त्यांनी पेटी सोडली आणि माझ्याकडे आणून दिली. "सर, तुम्हाला आधीच ठावं हुतं, न्हवं?"

मी मान खाली घातली.

"मग मला एकट्याला बाजूला घ्यायचं की. म्याच सांगितलं असतं त्याला."

मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. वाक्य तयार झाले तोवर ते तिपाई मिटून टेम्पोकडे निघाले होते.

त्यानंतरच्या कामांना त्यांना बोलावणे गेले नाही. सोलापूरचा एक जण येऊ लागला. तीन दिवस मनात घोळवून मी मालकाकडे विनंती केली: एक कॅमेरा साऱ्या मैदानावर स्थिर लावावा, त्याला सूचनाच द्याव्या लागत नाहीत; तिथे चाचांना ठेवावे.

त्याने सगळे शांतपणे ऐकले. "सर, म्या तर पेटीला दोष देऊन मोकळा झालो असतो. कमिटीपुढं तुम्हीच दाखवून दिलंत. उद्या लोक म्हणले, हा बहिऱ्याच्या हाती कॅमेरा देतोय, तर काय सांगू? तुम्हीच सांगा."

मी हेडफोनच्या तारा गुंडाळू लागलो.

"शनिवारची जोडणी तेवढी बघा," तो म्हणाला.

मी "बरं" म्हणालो.