गिअरचं तेल मी मोजलं तेव्हा

तेव्हाची मी म्हणजे बासष्ट वर्षांची एक अतिशहाणी बाई. आज तिची आठवण आली की हसू येतं आणि दमायलाही होतं. एक मिनिट स्वस्थ म्हणून बसायची नाही.

आमचे हे बाथरूममध्ये पडले आणि त्यांच्या डाव्या पायात रॉड बसला. क्लच दाबणं संपलं. मग मुलाने जुन्यातली एक मोठी, सात जण बसतील अशी ऑटोमॅटिक गाडी शोधून आणली. तिला उजवा पाय पुरायचा. हॉस्पिटल, वॉकर, शेक, जिन्यात धरून उतरवणं, यात त्या वर्षी आम्ही दोघंही पार पिळून निघालो होतो. पण स्टिअरिंगमागे बसले की ह्यांना कुणाचा हात लागायचा नाही. दिवसातला तेवढाच वेळ.

आणि मग गाडीच रेंगाळायला लागली. सिग्नल सुटला की इंजिन गुरगुरायचं, गाडी मात्र विचार करून निघायची, तीही गचका देऊन. मुलगा खारघरहून आला, एक चक्कर मारून बघितली आणि म्हणाला, "आई, गिअरबॉक्सचं तेल बदलून बघू. नाही सुधारली तर विकून टाकू. आणि मग बाबांनी चालवणं बंद."

हे खिडकीबाहेर बघत राहिले.

सुकापूरच्या गॅरेजमध्ये ह्यांच्याबरोबर मीही गेले. जायची काही गरज नव्हती, पण ती बाई घरी थोडीच राहणार! मेकॅनिक तिथलाच, गावातला. त्याने गिअरबॉक्सचं तेल मोजायची लांब पट्टी ओढून काढली आणि पांढऱ्या फडक्यावर पुसली. काळा डाग पडला, जळका वास आला.

"बघा काकी. नवीन असतं तवा लाल सरबतासारखं. ह्ये तेल नाय, काढा हाय."

त्याने गिअरबॉक्सच्या खालचा ट्रे उघडला. निघालेलं तेल मापात धरलं, फिल्टर बदलला आणि तेवढंच नवीन तेल वरून ओतलं. मग इंजिन चालू ठेवून ह्यांना गिअरचा दांडा एकेका जागेवर फिरवायला लावला आणि पुन्हा पट्टी बघितली. त्या वेळी तो मला काहीतरी समजावत होता. पण मी त्याला, काळ्या डागाचं ते फडकं सोड्यात कसं उकळायचं ते समजावत होते. दोघंही एकदमच बोलत होतो, आणि अशा वेळी त्या बाईला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू यायचा.

येताना गाडी लोण्यासारखी चालली. हे चक्क शीळ घालत होते.

इथेच गप्प बसायचं की नाही? पण अर्धा जन्म मी रेशनच्या दुकानात काट्यावर डोळा ठेवून उभी राहिलेली. दुसऱ्याचं माप मला कधी खरं वाटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळीला गेले, तशी मी खाली उतरले आणि बॉनेट उघडलं. गाडी थंड, इंजिन बंद. पट्टी काढली तर तेल खुणेच्या चांगलं बोटभर वर! मेल्याने जास्त ओतलं, म्हटलं. नातवाच्या माशांच्या टाकीची नळी होती, औषधाची मोठी सिरिंज होती. वाकून वाकून कमरेचा काटा ढिला झाला, पण खुणेपर्यंत उपसलं. लोणच्याची एक रिकामी बरणी जवळजवळ भरली. स्वतःची पाठ थोपटून घेत वर आले.

रविवारी मुलगा गाडीची परीक्षा घ्यायला आला. हे चालवत होते, तो शेजारी, मी मागे. कर्नाळ्याचा चढ लागला आणि इंजिन किंचाळायला लागलं. गाडी पुढे सरकेना. मागून ट्रकचे हॉर्न. ह्यांनी पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला, पुन्हा तेच.

"बाबा, राहू द्या. कडेला घ्या," मुलगा म्हणाला. "झालं हिचं."

ह्यांनी हात मांडीवर ठेवले आणि जागा सोडली. मला बरणी आठवली, ओठांवर शब्दही आला. पण मी बोलले नाही. लाज होतीच. खरं सांगायचं तर दुसरंही होतं. गेली गाडी तर गेली, असं वाटलं. एक काळजी कमी. इतकी दमले होते मी.

गाडी थंड झाल्यावर मुलाने ती हळूहळू परत आणली. घरी आल्यावर ह्यांनी गाडीची किल्ली स्वतः त्याच्या हातात दिली. वाद नाही, काही नाही. मग वॉकर ओढत आत गेले आणि दुपारी तीन वाजता पंखा लावून भिंतीकडे तोंड करून पडले. दोन दिवस तेच. भूक आहे का, तर नाही. रेडिओ लावू का, तर नको.

तिसऱ्या दिवशी मी बरणी पिशवीत घातली आणि रिक्षाने सुकापूर गाठलं. मेकॅनिकने बरणी उन्हात धरली.

"काकी, इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर मोजायचं, बोललेलो ना? बंद गाडीत सगळं तेल खाली उतरतं, मग जास्तच दिसणार. तुमी तर गाडीचं रक्त काढलं. दवाखाना टाका आता."

"टाकते. आधी चल, चढव परत."

"ह्ये नाय चढवायचं. लोणचं झालं ह्याचं."

नवा डबा घेऊन तो माझ्याबरोबर आला. मुलाला मी फोन करून बोलावलं, आणि ह्यांच्या पलंगाशी उभी राहून दोघांच्या देखत सगळं सांगितलं. नळी, सिरिंज, सगळं. मुलाने कपाळाला हात लावला. "आई, तू ना..."

हे उठून बसले. रागावतील म्हणून मी तयारच होते.

"मला वाटलं, माझा उजवा पायपण गेला," ते म्हणाले. "दाबतोय असं वाटत होतं, पण गाडी सरकेना. म्हटलं, आता हाही फसवायला लागला."

मग त्यांनी मुलापुढे हात पसरला आणि किल्ली मागितली.

खाली इंजिन चालू ठेवून तेल भरलं. "काका, काकीला गाडीपासून लांब ठेवा," मेकॅनिकने बजावलं. "घरात तरी कुठे ऐकते?" हे म्हणाले. दोन दिवसांतला तो त्यांचा पहिला टोमणा. मग त्यांनी मला शेजारी बसवलं आणि गाडी थेट कर्नाळ्याच्या रस्त्याला लावली. चढ आला कधी, गेला कधी, विचारू नका. मी झोपले होते.