सुनंदानं कोरलेली आई

“सुनंदा गेली गं…” तिच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा इथे शिकागोजवळ, नेपरव्हिलला बर्फ पडत होता. त्याला पाच-सहा आठवडे झाले. माझ्या या मैत्रिणीबद्दल आता लिहायला बसले, तर रडण्याआधी अभिमानच दाटून येतो.

ती नागपूरची, इथे शिकागोत एका लॅबमध्ये नोकरीला. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास आम्ही म्युझियममध्ये गेलो होतो. युरोपातल्या, पाचशे वर्षांपूर्वीच्या लाकडी ठशांच्या चित्रांसमोरून ती हलेचना. “अगं, ही काही राजवाड्यासाठी नव्हती. जत्रेत स्वस्तात विकायचे. एकजण खालच्या ओळी वाचायचा, बाकीचे चित्र बघत ऐकायचे. आमच्या वस्तीत माझी आई पेपर वाचायची ना, तस्संच!”

मग ती क्लास लावून कोरायला शिकली. रेषा तेवढी ठेवायची, भोवतीचं लाकूड काढून टाकायचं. अक्षरं उलटी कोरायची, तेव्हा कागदावर सुलटी उमटतात. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी तिनं आईच कोरायला घेतली… पेपर वाचणारी, भोवती माणसं, खाली ‘आई वाचते आहे’. कार्यक्रम तोंडावर आला आणि चाकू सटकला. आईचा डोळाच गेला.

“कॅन्सल कर यार, साधं पोस्टर छापू,” मी म्हटलं.

“छे! ते जुने कारागीर बिघडलेला भाग भोक पाडून काढायचे, तिथे नवा तुकडा घट्ट ठोकायचे आणि परत कोरायचे.” तिनं नेमकं तेच केलं.

हॉलमध्ये सगळ्यांसमोर तिनं ठशाला शाई लावली, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला. माझ्या लेकीनं, नेहानं तो अलगद उचलला. नेहा इथेच जन्मलेली. “मावशी, व्हॉट डझ इट से?”

“तूच वाच. हा आ… ही ई…”

एकेका अक्षरावर अडखळत नेहानं ती ओळ अख्ख्या हॉलला वाचून दाखवली. टाळ्या थांबेनात. सुनंदा मात्र डोळे पुसत पुढच्या कागदासाठी ठशाला शाई लावत होती.

कोपऱ्यात बारीक अक्षरं होती, ‘कोरणारी सुनंदा’. “तेव्हा चित्र काढणाऱ्याचं नाव व्हायचं, कोरणाऱ्याचं बहुतेकदा राहून जायचं. माझं मी राहू देणार नाही,” ती म्हणाली होती.

ते चित्र आता त्यांच्या बेसमेंटमध्ये, तिच्या टेबलावर लावलेलं आहे. मिलिंद तसा अबोल. पण परवा घर गरम ठेवणारी फर्नेस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यानं ते दाखवलं. त्या माणसानं हात पुसले, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ही बाई कुणाला वाचून दाखवतेय?

“सगळ्यांना,” मिलिंद म्हणाला. “माझ्या बायकोनं कोरलंय.”