शंभरचा बल्ब

लग्नानंतर मी पिंपरी पेंढारला घरूनच पुण्यातल्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवायला लागले. भर तासात लाइट जायची आणि कॉम्प्युटर खट्‌कन बंद पडायचा. शेवटी यूपीएस घेतला.

खोक्यातून काढून मी तो जोडायला बसले, तेवढ्यात दारातून सासऱ्यांचा आवाज आला, "थांब गं. आधी रातभर चार्ज व्हऊ दे."

सासरे जन्मभर वायरमन. आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांत त्यांनी वायरिंग केलं होतं. पण नजर कमी झाल्यावर त्यांनी काम सोडलं आणि ते पार गप्प झाले. माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत तर ते कधी पाऊलच टाकत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते धुतलेला शर्ट घालून आले. हातात लाकडी फळीवर बसवलेला होल्डर आणि जुना शंभरचा पिवळा बल्ब.

"कॉम्प्युटर नंतर. पयलं ह्याच्यावर बघू. बिघडलं तर बल्ब जाईल, तुजी शाळा न्हाई जायची."

बल्ब यूपीएसला जोडला. मी भिंतीतला प्लग उपसायला हात घातला, तर ते ओरडले, "उपसू नको! अर्थिंग तुटतं. बटन बंद कर."

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. यूपीएस टीं टीं करायला लागला, पण बल्ब लुकलुकलासुद्धा नाही. सासरे लहान पोरासारखे हसले. "लई भारी, राव!"

मग मी बटण चालू केलं, बल्बच्या जागी कॉम्प्युटर जोडला, सगळं काम सेव्ह केलं आणि पुन्हा बटण बंद केलं. सासूबाई पीठ मळता मळता हात तसेच घेऊन बघायला आल्या. आम्ही तिघं घड्याळ बघत बसलो. पाच मिनिटं, दहा, पंधरा. विसाव्या मिनिटाला टीं टीं घाईघाईनं व्हायला लागलं.

सासरे म्हणाले, "बास! कर बंद. बॅटरी तळाला न्यायची न्हाई."

त्याच आठवड्यात अपूर्णांक शिकवताना लाइट गेली. स्क्रीन तशीच चालू. राऊटरही सासऱ्यांच्याच सांगण्यावरून यूपीएसला जोडलेला, त्यामुळे मुलांना कळलंसुद्धा नाही. मी उदाहरण पुरं केलं, तास आवरता घेतला आणि कॉम्प्युटर बंद केला.

मागं वळून बघते तर सासरे खोलीत, माझ्या पलंगावर मांडी घालून बसलेले. म्हणाले, "ते छेदाचं काय सांगत व्हतीस? मला कदी समजलंच न्हाई बघ."

मी वही उघडली.