मेहमेतकाकांसाठी दोन किलो चिन्नोर

"जवाईबापू, मी किल्ल्याच्या दाराशी उभा आहो. मेहमेतभाऊची चायची टपरी काई दिसून नाई राहिली."

फोनवर माझे सासरे होते. मी त्यांना मामाजी म्हणतो. ते तुर्कस्तानातल्या इझमीर शहरात, काडिफेकाले नावाच्या डोंगरी किल्ल्यावर उभे होते. मी इकडे माझ्या गावी, सानगडीत, घराच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. आमच्याकडे दुपारचे अडीच, तिकडे बारा. मामाजींच्या एका हातात माझ्या लेखाची झेरॉक्स होती आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत दोन किलो चिन्नोर तांदूळ. तो सासूबाईंनी निवडून, पाखडून मेहमेतकाकांसाठी पाठवला होता.

अडचण एवढीच होती, की मेहमेतकाका मीच बनवले होते. इझमीरही मी कधी पाहिलं नव्हतं.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे मला शिव्या देणं सोपं जाईल. मी ट्रॅव्हल कंटेंट रायटर आहे. पुण्याची एक कंपनी मराठी वाचकांसाठी परदेशी प्रवासाची वेबसाइट चालवते, तिच्यासाठी घरून लिहितो. सकाळी ब्रीफ येतो. ब्रीफ म्हणजे काय लिहायचं, किती लिहायचं याचा कागद. त्यात कीवर्ड असतात, म्हणजे लोक मोबाइलवर जे शब्द टाकून शोधतात ते. मग मी रिसर्च करतो. रिसर्च म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले सात लेख वाचून आठवा लिहिणं. त्या सातांनीही तेच केलेलं असतं. शेवटी टोन असतो. इझमीरच्या ब्रीफमध्ये टोनसमोर लिहिलं होतं, 'फर्स्ट पर्सन'. म्हणजे मी स्वतः जाऊन आलो असं लिहायचं.

मी लिहिलं. समुद्रकाठचा घड्याळ मनोरा, केमेराल्तीचा जुना बाजार, उंटांच्या काफिल्यांची दगडी सराय, रोमन काळातला आगोरा चौक आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला काडिफेकाले. या नावाचा अर्थ मखमली किल्ला असा होतो. मखमलीवर मी दोन परिच्छेद खर्च केले. मॅडमचा, म्हणजे आमच्या कंटेंट हेडचा मेसेज आला, "छान आहे, पण ह्यूमन टच मिसिंग आहे." मग मी किल्ल्याच्या दाराशी चिनार लावला, चिनाराखाली चहाची टपरी टाकली आणि टपरीवर पांढऱ्या मिशांचे मेहमेतकाका बसवले. भारतातून आलो म्हटल्यावर त्यांनी मला फुकट चहा पाजला आणि निघताना डोळे पुसले. एवढं सगळं सव्वा तासात झालं.

तो लेख चालला. इतका, की माझ्या लग्नाच्या वेळी मध्यस्थानं तो कारध्याला मुलीकडच्यांसमोर वाचून दाखवला. "पोरगा तुर्कस्तानात जाऊन आला." मी नाही म्हणालो नाही. मी हो सुद्धा म्हणालो नाही, मान खाली घालून पोहे खात राहिलो. त्याला लोक नम्रपणा समजले. पुढे माझ्या बायकोनं, वर्षानं, पासपोर्ट पाहायला मागितला तेव्हा तो पुण्यात रूम बदलताना हरवल्याचं सांगितलं. चार वर्षं हे व्यवस्थित चाललं होतं.

मामाजी कारध्याचे. वैनगंगेत मासेमारी करत मोठे झालेले, आता मच्छीमार संस्थेचे सचिव. समुद्रात जाळीचे पिंजरे टाकून मासे कसे वाढवतात ते दाखवायला एका माशांच्या खाद्याच्या कंपनीनं संस्थेच्या अकरा जणांना इझमीरला नेलं. शेवटचा दिवस शहर पाहायला मोकळा होता. मराठीत इझमीर शोधलं की पहिला माझाच लेख येतो. मामाजींनी त्याच्या अकरा झेरॉक्स काढल्या आणि विमानात वाटल्या.

"मामाजी, तुम्ही वर गेलेच कशाले? गाडीनं फिरायचं ना."

"तुम्ही लिवलं ना जी, घड्याळापासून धा मिनिटाची रमतगमत चढण. पन्नास मिनिटं लागले मले. बाकीचे अर्ध्यातूनच वापस गेले. पायऱ्याच पायऱ्या. आन् मखमल कुठं नाई. भिताडं आहेत, गोटे आहेत. वरून पानी मात्र मस्त दिसून राहिलं, पूरा समुद्र."

दहा मिनिटं हा आकडा मी कुठून घेतला होता हे मी घाईघाईनं शोधलं. एका इंग्रजी साइटवर सापडला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की माहिती एका भारतीय प्रवाशाच्या अनुभवावरून घेतली आहे. तो प्रवासी मीच होतो. त्यांच्याकडेही मेहमेतकाका होते आणि त्यांच्या मिशा अजून पांढऱ्या झाल्या होत्या.

"मामाजी, तुम्ही खाली या. चार वाजता बस आहे ना घड्याळापासून?"

"हो, तिथूनच विमानतळावर. पन तांदूळ देल्ल्याबिगर कसा येऊ? तुमच्या सासूबाईनं निवडून देल्ला. तुमाले त्या मानसानं परदेशात चाय पाजली."

इथे मला खरं बोलता आलं असतं. फोन स्पीकरवर होता, कारण दुसऱ्या हातानं मी नकाशा उघडत होतो, आणि वर्षा बाजूला भाजी निवडत ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि व्यवसायाला जागलो. जे पात्र अडचणीचं होतं ते काढून टाकलं.

"मामाजी, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मेहमेतकाका वारले."

मला वाटलं, सुटलो. आता मामाजी हळहळतील, तांदूळ घेऊन खाली येतील, बस पकडतील.

"कवा?"

"झाले... थोडे दिवस."

वर्षानं हातातली पालेभाजी खाली ठेवली. "बाबा, मंग घरी भेटून या. इतक्या जवळ गेले तं तसंच वापस येनं बरं नाई दिसत."

"जा तं लागतेच," मामाजी म्हणाले. "मानूस गेला आन् दाराशी येऊन मी तोंड फिरवून जाऊ काय? जवाईबापू, घर कोन्या गल्लीत आहे?"

मी चार वर्षांत इझमीरवर एकूण नऊ लेख लिहिले होते. एकाही लेखात मेहमेतकाकांचं घर नव्हतं. मी म्हणालो, घर लांब आहे, दुसऱ्या टोकाला. मामाजी म्हणाले, "इचारत जातो." आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन लागेना. मी स्ट्रीट व्ह्यू उघडला, म्हणजे गाडीवर कॅमेरा लावून काढलेले रस्त्यांचे फोटो. किल्ल्याखालच्या वस्तीत शिरलो. माझ्या लेखात या वस्तीसाठी एकच शब्द होता, 'फोटोजेनिक'. प्रत्यक्षात अरुंद उभ्या गल्ल्या होत्या, एकावर एक चढलेली घरं, दोऱ्यांवर कपडे, आणि प्रत्येक वळणावर तीन नव्या गल्ल्या. चौसष्ट वर्षांचा माणूस, भाषा येत नाही, हातात पिशवी, आणि एका मेलेल्या माणसाचं घर शोधतोय जो जन्मलाच नव्हता. मला घाम फुटला. लेख लिहिताना मला कधी घाम आला नव्हता.

सव्वापाच वाजता, म्हणजे तिकडे पावणेतीनला, संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला.

"तुमचे सासरे कुठी आहेत जी? आमी घड्याळापाशी बसून राहिलो. ड्रायव्हर चारच्या वर एक मिनिट थांबनार नाई म्हनते. ते नाई आले तं आमाले त्याहिले सोडून जा लागंन."

वर्षा माझ्याकडे पाहत होती. "तुम्ही गेलते ना तिथं? मंग सांगा ना त्याहिले, कोन्या गल्लीत पाहाचं ते."

तेव्हा मी सांगितलं. गेलो नव्हतो. पासपोर्ट हरवला नव्हता, काढलाच नव्हता. मेहमेतकाका नव्हते. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पहिले बाबाले सांगा." तिच्या आवाजाची मला चार वर्षांत पहिल्यांदा भीती वाटली.

मी फोन लावत राहिलो. बाराव्या की तेराव्या वेळेला मामाजींनी उचलला. मागून बायकांचे हलके आवाज येत होते.

"मामाजी, ऐका. मी खोटं बोललो. मी तिकडे कधी आलोच नाही. मेहमेतकाका नावाचा कोणी नाही. मी लेखात रचून टाकला. तुम्ही निघा, बस जाईल. मला माफ करा."

मामाजींनी आवाज खाली आणला.

"आता चूप राहा. बाई रडून राहिली."

"कोण बाई?"

"मेहमेतची. गेला बिचारा तीन दिवसाआधी. खरंच गेला. तुमचाच तेवढा खोटा आहे."

फोन कट झाला.

काय घडलं ते नंतर कळलं. किल्ल्याच्या दाराशी मामाजींनी लोकांना विचारलं, "मेहमेत?" चार मेहमेत पुढे आले. तिथे हे नाव गल्लीगल्लीत आहे, हे मी वाचलेल्या सातही लेखांत नव्हतं. मामाजींनी नाही म्हणून मान हलवली, हात जोडले आणि बोट आभाळाकडे केलं. एका म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं आणि उतारानं एका घरी नेऊन बसवलं. शिंपल्यांत भात भरून विकणारं ते घर. किल्ल्याखालच्या वस्तीत हाच धंदा आहे. बायका मोठमोठ्या पातेल्यांभोवती बसून काळे शिंपले उघडतात, मसाल्याचा भात भरतात आणि पोरं ते खाली समुद्रकाठी नेऊन विकतात. या घरचा कर्ता माणूस मेहमेत गेला होता; किती दिवस झाले ते त्यांनी तीन बोटं दाखवून सांगितलं. भारतातून कोणी माणूस तांदूळ घेऊन भेटायला आला, याचं त्या घराला आश्चर्य वाटलं नाही. मयताच्या घरी माणसं येतातच. त्यांनी मामाजींना रव्याचा शिरा दिला.

"मयताच्या घरी गोड कायले ते मले नाई समजलं," मामाजी म्हणाले. "पन ठेवला पुढं, तं खाल्ला. बाईनं तांदूळ हातावर घेऊन नाकाले लावला. आमच्यासारखाच."

चारला दहा मिनिटं असताना मेहमेतच्या मोठ्या मुलानं त्यांना मोटारसायकलवर घालून घड्याळ मनोऱ्यापाशी सोडलं. वाटेत त्यानं आगोरा दाखवला, कमानींच्या खालून अजून पाणी वाहतं तो. "ते बरोबर लिवलं होतं तुम्ही," मामाजी पुढे म्हणाले. माझ्या लेखाला मिळालेला हा एकमेव निखळ अभिप्राय.

चौथ्या दिवशी मी आणि वर्षा कारध्याला गेलो. मला वाटलं होतं, चार लोकांसमोर माझी अब्रू जाणार. अंगणात संस्थेची माणसं बसली होती. अध्यक्षांनी विचारलं, इतक्या गल्ल्यांत घर सापडलं कसं? मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "जवायानं फोनवर सांगतलं." माणसांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मला शिवीच बरी वाटली असती. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि ती मी कुठे ठेवू ते कळेना.

लोक गेल्यावर मामाजींनी झेरॉक्स पुढे केली. तिच्यावर त्यांनी पेनानं दुरुस्त्या केल्या होत्या. दहा मिनिटं खोडून पन्नास. मखमल खोडून गोटे. टपरीवर फुली. समासात एक ओळ: 'शिंपल्याचं लिवा.'

मी लिहिलं. दोन दिवस बसून, मामाजींना विचारून, प्रत्येक वळण तपासून. चार वर्षांतला माझा पहिला खरा लेख. मॅडमचा फोन आला.

"हे काय पाठवलंयस? मेहमेतकाका कुठे गेले?"

"वारले."

"असं कसं? ते आपले हुक आहेत. तो पॅराग्राफ सगळ्यात जास्त वाचला जातो. आणि पन्नास मिनिटं चढण लिहिल्यावर कोण जाईल?"

"मॅडम, पन्नास मिनिटंच लागतात. माझे सासरे चढले."

"वाचक सासरे नसतात," त्या म्हणाल्या, आणि जुना लेख परत लावला. मी त्यावरचं माझं नाव काढायला सांगितलं. ते त्यांनी लगेच मान्य केलं, कारण नावाला कीवर्ड व्हॅल्यू नव्हती. मेहमेतकाका तिथेच आहेत, चिनाराखाली, निरोगी. मी मात्र फर्स्ट पर्सन टोनचे ब्रीफ घेणं बंद केलं. आता मोबाइलच्या चार्जरची माहिती लिहितो. ते चार्जर घरी मागवून पाहतो.

वर्षा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एके सकाळी म्हणाली, चला, गावचा किल्ला तरी दाखवा. सानगडीत किल्ला आहे. मी त्याच्या पायथ्याशी लहानाचा मोठा झालो आणि धड फिरून कधी पाहिला नव्हता. आम्ही गेलो. किती वेळ लागला ते तिनं घड्याळ लावून मोजलं आणि आल्यावर मला लिहून ठेवायला लावलं.

यंदा नवं धान निघालं तेव्हा मामाजी पिशवी घेऊन आले. वर कागद चिकटवलेला, त्यावर मेहमेतच्या मोठ्या मुलानं स्वतःच्या हातानं लिहिलेला पत्ता. "मेहमेतच्या घरी पाठवा," म्हणाले. पोस्टात काउंटरवरच्या बाईनं विचारलं, इझमीरला कोण आहे तुमचं? मी मामाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "सोयरे."

माझ्या धंद्यातल्या नव्या मुलांना यातून सांगण्यासारखं एवढंच आहे. लेखात खोटा माणूस घालायचाच असेल तर घाला, सगळेच घालतात. पण त्याला मारू नका. आमच्याकडची माणसं भेटायला जातात.