पास झालेला माणूस

यांचा कोट टबात भिजतो आहे. उजवी बाही घासून झाली, डावी अजून काळीच. मध्येच बेल वाजली म्हणून उठले, ती पुन्हा तिथे बसलेच नाही.

हे अग्निशमन दलात, बंबावर. लग्न झाल्यापासून कोट असाच काजळीचा पाहते आहे. यांच्यात रीतच तशी : ज्याचा कोट स्वच्छ तो कामचुकार. ठाण्यात नव्या आलेल्या ट्रेनरबाई म्हणाल्या, ही काजळी छातीत जाते, आगीवरून आलात की कोट तिथेच धुवा. हे हसले. "ही आमची पदकं आहेत." एका म्हातारीला तिच्या शिलाई मशीनसकट खाली आणलं होतं, ती मशीन सोडेचना. त्या दिवसाचा डाग कॉलरवर आहे, आणि ती गोष्ट प्रत्येक पाहुण्यासमोर मला नव्याने ऐकावी लागते.

पण हल्ली भाजीची पिशवी घेऊन घरचा जिना चढताना हे मध्येच थांबतात. म्हणे चपलेत खडा गेला. रोज खडा!

आज ट्रेनरबाईंनी सगळ्यांची परीक्षा ठेवली होती. पाण्याच्या पाइपाची गुंडाळी खांद्यावर घेऊन चार मजले चढायचे. ज्याला दम लागेल त्याला बंबावरून उतरवून आधी डॉक्टरकडे पाठवायचं. सकाळी देवापुढे हात जोडले आणि हे नापास व्हावेत म्हणून प्रार्थना केली. देव क्षमा करो.

हे पास झाले. घरी येऊन आडवे पडले, तशी मी कोट भिजवला. बेल वाजली ती पहिलवानाची, यांचा विसरलेला डबा घेऊन आला होता. पहिलवान म्हणजे यांचा जोडीदार, अंगाने काडी. आगीत दोघेदोघेच शिरतात आणि एकाला सोडून दुसरा बाहेर येत नाही.

"वहिनी, चहा टाका! दादा पास!"

"भावजी, खरं सांगा. कसे?"

त्याने आवाज खाली आणला. "बाई खाली घड्याळ धरून उभ्या. जिन्याच्या वळणाआड मी दादांची गुंडाळी घेतली, वर गेल्यावर परत दिली. जोडीदार कशाला असतो?"

"आणि खऱ्या आगीत?"

"तेव्हाही मीच घेणार."

"यांनाच उचलायची वेळ आली तर?"

"मग काय, सोडून येईन होय?" तो हसला.

मी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. सोडून येणार नाही हा माणूस, तीच तर भीती. आता एकाच्या जागी दोघांची काळजी.

"बाईंना सांगून टाका ना."

"दोघंही घरी बसू, वहिनी. आणि दादा जन्मात माझं तोंड बघणार नाहीत."

तेवढ्यात हे उठून आले. टबाकडे पाहिलं. "अगं, काय केलंस हे! बरं, डावी बाही राहू दे, तेवढी तरी ओळख ठेव."

"अहो, उद्या डॉक्टरकडे जाऊ या का?"

"पास झालेल्या माणसाला डॉक्टर काय तपासणार?"

पहिलवान कपात बघत राहिला.

मग हे त्याला म्हणाले, "बंबाचा पंप जरा कुरकुरतोय रे. आत्ताच दाखवायला हवा, नाहीतर ऐन वेळी दगा देईल."

मी देवाकडे पाहिलं. जुना कोट चढवून, दारात जरा खोकून, हे पंपाचं वायसर बदलायला ठाण्यातला बंब घेऊन वर्कशॉपला निघाले.