भांडणं सोडवणारी मुलगी

अंबरनाथ पूर्वेच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे त्या वर्षी आठवी ‘ब’चं नाव काढलं की शिक्षक कपाळाला हात लावायचे. रोज मारामारी, रोज तक्रारी. उभं करून झालं, पालकांना बोलावून झालं. एक दिवस मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, “माझं डोकं चालेनासं झालंय. तुम्हीच सांगा काय करायचं.”

सगळे हसले. बुवापाड्यातून येणारी एक मुलगी मात्र उठली. वर्गात सर्वांत जास्त शिक्षा तिलाच झालेल्या.

“बाई, भांडण झालं की तुम्ही दोघांना बाहेर काढता. ते बाहेर जाऊन परत भांडतात. आमच्यावर सोडा ना.”

सोडलं. मधल्या सुट्टीत जिन्याखाली ती भांडलेल्या दोघांना समोरासमोर बसवायची. “पहले तू बोल. आणि तू गप, तुझी बारी येईल.” सुरुवातीला मुलं तमाशा बघायला जमायची. मग आपापली भांडणं घेऊन स्वतःच यायला लागली. दिवाळीपर्यंत वर्ग ओळखू येईना. मुख्याध्यापकांनी इतर वर्गांनाही तसंच करायला सांगितलं. त्या दिवशी ती वेणी उडवत घरी गेली होती.

संक्रांतीनंतर तिची आई गेली. कावीळ अंगावर काढली होती. वडिलांची कंपनीत रात्रपाळी, म्हणून त्यांनी तिला आणि धाकट्या भावाला बारवी धरणाकडच्या गावी मामाकडे पाठवलं.

“बाई, तिला परत आणा,” मुलं मागे लागली. मी गेले. ती अंगणात भांडी घासत होती, भाऊ पदर धरावा तशी तिची ओढणी धरून बसलेला.

तिला शाळेसाठी वसतिगृहात ठेवण्याचं मी बोलले. मामी म्हणाली, “या पोराला मंग कोन बघल?” मी मुलीकडे पाहिलं.

“तो माझ्याशिवाय जेवत नाही, बाई,” ती म्हणाली. मग हातातलं भांडं विसळत, “वर्गात पोरं नीट वागतात ना?”

“वागतात.”

तिने मान हलवली आणि पुढचं पातेलं ओढलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, ती येणार नाही. पूर्ण तास मुलं शहाण्यासारखी बसून राहिली. मला शिकवणं जमलं नाही.