फोन उचलणाऱ्या दोघी

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हापासून सरकारी फोन हा त्यांचा थट्टेचा विषय. "कोण उचलतंय? मी तरी कुठे उचलत होतो!" असं म्हणून स्वतःच हसायचे.

ते पडले त्या दुपारी मी नोएडातल्या ऑफिसात होते. आईने मयूर विहारच्या घरून फोन केला, अर्थातच मला. आमच्यात काहीही झालं तरी पहिला फोन घरच्या माणसालाच जातो. दिल्लीत उभा जन्म काढलेली आई भाजीवाल्याला हिंदीत पाणी पाजते, पण घाबरली की तिला फक्त मराठी येतं. "अगं, बाबा पडलेत. डोळे उघडत नाहीयेत."

तिला लाइनवर ठेवून मी शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीचा मोबाइल जवळजवळ हिसकावला आणि तातडीच्या मदतीचा एकशे बारा नंबर लावला.

"आप नोएडा में हैं?" पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं.

मी चिडलेच. "मैं कहीं भी हूँ, पापा मयूर विहार में हैं!"

रोज मेट्रोने ओलांडते ती राज्याची हद्द माझ्या कधी ध्यानातही नसते. पण फोन ज्या बाजूच्या टॉवरला लागतो, त्याच राज्याच्या केंद्रात जातो. बाबा दिल्लीत फरशीवर होते आणि मी उत्तर प्रदेशाकडे मदत मागत होते. आता ही म्हणणार, आमच्या हद्दीत येत नाही. सरकारी माणसाची लेक मी, मला दुसरं काय सुचणार?

"लाइन मत काटिए, दिल्ली को जोड़ रही हूँ."

पत्ता, बाबांचं वय, सगळं मला विचारून तिनेच दिल्लीच्या बाईला सांगितलं. त्या बाईने गाडी पाठवली आणि लगेच विचारलं, "साँस चल रही है?"

मग माझ्या एका कानात हिंदी, दुसऱ्यात मराठी.

"करवट पर लिटाइए."

"आई, त्यांना कुशीवर वळव."

"मुँह में कुछ अटका है?"

"कवळी सुटलीय गं!"

"निकाल दीजिए. आराम से."

आईच्या फोनमधून बाबांचा घरघरणारा श्वास येत होता, तो जरा मोकळा झाला. थोड्या वेळाने तिथूनच सायरन ऐकू आला. मी रडत 'थँक यू' म्हणेपर्यंत दिल्लीची बाई पुढच्या फोनकडे वळलीही होती. दोघींची नावं विचारायची राहूनच गेली.

मी थक्क झाले ती अजून आहे. एकमेकींना न पाहिलेल्या दोन बायकांनी माझे बाबा हातोहात पलीकडून अलीकडे आणले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने वाण म्हणून स्टीलच्या डब्या आणल्या होत्या. त्यातल्या दोन तिने तिळगूळ भरून बाजूला काढल्या. "या त्या दोघींच्या."

कशा पोचवणार, देव जाणे. बाबा खुर्चीतून बघत होते. मला वाटलं, आता थट्टा करणार.

"उचलला गं त्यांनी," ते म्हणाले आणि दोन्ही डब्यांची झाकणं स्वतः घट्ट लावली.